विहिणींचा डाव

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
१२ जून २००४

सौ. आनंदीताई पाथरे यांस,
शैला खातू हिचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

इकडे सगळे मजेत. तुमच्या समिधाचा खोकला गेला. जितेंद्रला ऑफिसात नवीन साहेब आलाय, त्यामुळे त्याचं घरी येणं लांबतंय. लग्नाला वर्ष झालं तरी दोघं अजून एकमेकांशी हळू आवाजात बोलतात. एका बेडरूमच्या घरात दुसरं काय करणार म्हणा.

आता आपल्या कार्डांवरच्या बुद्धिबळाचं, म्हणजे भांडणाचं. गेल्या कार्डात तुम्ही तुमचा घोडा माझ्या प्याद्याच्या तोंडाशी आणून ठेवलात. मी आनंदाने मारला आणि संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या हंसाबेनना पट दाखवायला नेला. त्या भावनगरच्या, भावांमध्ये खेळून शिकलेल्या. त्यांनी पटाकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाल्या की हा घोडा गेला नाही, दिलेला आहे. मग मी तुमची दिवाळीपासूनची सगळी कार्डं काढून बसले. ताई, तुम्ही पहिल्यापासून मला जिंकू देताय. मुलाची आई म्हणून लग्नात मानाची साडी दिलीत, ती मी घेतली. मानाचा घोडा मला नको.

ठाकूरद्वारच्या चाळीत माझे दोघे भाऊ गॅलरीत पट मांडायचे. मला हात लावू देत नसत. मी चहा घेऊन जायची आणि कपबश्या मुद्दाम सावकाश ठेवायची, तेवढाच डाव बघायला मिळे. इतक्या वर्षांनी कुणी माझ्याशी खेळायला बसलं, आणि तेही लुटुपुटीचं, याचं मला वाईट वाटलं.

म्हणून हा डाव मोडू या. नवा मांडा. पांढरी माझी. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे.

लोभ आहेच, तो पटावर दाखवू नये, एवढीच विनंती.

आपली,
शैला


लांजे
२२ जून २००४

सौ. शैलाताई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

चोरी पकडलीत. ह्यांनी दुकानात गिऱ्हाइकासमोर पत्र वाचलं आणि इतके हसले की साखर तोलायची राहिली. काय करू, लग्नाच्या बैठकीत मला चौघींनी बजावलं होतं की मुलीच्या आईनं कुठेही वरचढ दिसायचं नाही. ते पटालाही लागू असेल असं वाटलं.

माझे वडील आणि इथले पोस्टमास्तर रोज दुपारी आमच्या ओसरीवर खेळत. मी नऊ-दहा वर्षांची असताना वडिलांनी मला शिकवायला घेतलं आणि पहिल्याच मे महिन्यात माझा वजीर काढून डब्यात टाकला. अख्खी सुट्टी मी वजिराशिवाय खेळले. पोस्टमास्तरांना दया यायची, वडिलांना नाही. ते म्हणत की वजीर हाताशी असला की माणूस बाकीच्यांना विसरतो. मी रडायची, हरायची आणि पुन्हा मांडायची. ओसरीवर फणसाचे गरे वाळत असायचे, त्यावरच्या माशा मी एका हाताने वारायची आणि दुसऱ्या हाताने उंट सरकवायची. शाळा सुरू होईपर्यंत उंट कशासाठी असतो, हत्ती कशासाठी, हे मला नीट कळलं होतं. आजही गरे वाळत घातले की मला तो पट दिसतो.

आता दयामाया नाही. माझंही राजासमोरचं प्यादं दोन घरं.

पत्रं थांबवू नका, चालींची कार्डं वेगळी. राग सोडला असेल तर तेही कळवा.

आपली,
आनंदी


इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
४ ऑगस्ट २००४

सौ. आनंदीताई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

दोन प्यादी गेली आणि माझा वजीर पटभर पळतोय, तेव्हा तुम्ही शब्द पाळताय यात शंका नाही. दुपारी हंसाबेनशी बसते. त्या सरळ राजावर धावून येतात आणि चहा येईपर्यंत कुणीतरी एक हरलेलं असतं. काल मी जिंकले, पण कशी ते मला सांगता येत नाही.

समिधाची काळजी करू नका. तिला मी कामाला लावत नाही. पहाटे उठून जितेंद्रचा डबा, नाश्ता, ओट्याची आवराआवर सगळं माझं उरकलेलं असतं. ती आत आली की तिला म्हणते, तू बस, पेपर वाच. माझ्या सासूबाई पाण्याच्या वेळेपासून मला उभी ठेवायच्या. पहिल्या वर्षात मी सासरच्या चाळीच्या जिन्यात बसून किती रडले असेन. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या सुनेला हे दिवस नकोत. ती मधे शिकवण्या घेऊ का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, एवढी घाई कसली. हल्ली जरा गप्प असते, हवा मानवत नसेल. खाडीकडून वारा आला की मलाही ठाकूरद्वार आठवतं.

माझी चाल कार्डावर टाकली आहे. वजीर पुन्हा मागे घ्यावा लागला.

अशीच माया असू द्या, पण प्यादी परत मिळाली तर आवडेल.

आपली,
शैला


लांजे
१९ ऑगस्ट २००४

सौ. शैलाताई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही कशी जिंकलात ते सांगता येत नाही म्हणालात, म्हणून लिहिते. तुमचा आमचा डाव समोर मांडा. तुमचा वजीर सहा वेळा हलला. प्रत्येक वेळी मी त्याच्यावर काहीतरी रोखलं आणि त्या निमित्ताने माझं एकेक मोहरं घरातून बाहेर आलं. आता माझी सगळी कामावर आहेत आणि तुमचा एकटा वजीर दमलाय. तुमचे हत्ती तर अजून कोपऱ्यातून हललेले नाहीत. त्यांना वाट नाही, कारण समोर तुमचीच प्यादी.

डावात काही सुचेनासं झालं की वडील एकच प्रश्न विचारायला सांगत. समोरच्याचं काय मारता येईल हा नव्हे. माझं कोणतं मोहरं सगळ्यात रिकामं बसलंय, हा. ते शोधायचं आणि त्याला काम द्यायचं. लगेच काही घडत नाही. पण चार चालींनी पट बदललेला दिसतो. पोस्टमास्तर चिडायचे, म्हणायचे की तुम्ही काही करतच नाही आणि मी हरतो कसा.

गणपतीला समिधाला आणि जावईबापूंना पाठवा. समिधाला मखर करायला आवडतं.

आठवण ठेवावी. चुकलं असेल तर रागावून मोकळं व्हावं.

आपली,
आनंदी


इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
९ ऑक्टोबर २००४

सौ. आनंदीताई,
नमस्कार, वि. वि.

गौरी-गणपती होऊन जितेंद्र एकटाच परत आला. समिधा चार दिवसांनी येईल म्हणाला. फोन केला की ती पुढच्या आठवड्यात म्हणते. आता कळतं की तिने तिथल्या शाळेत नोव्हेंबरअखेरपर्यंत बदली शिक्षिकेचं काम धरलंय. जितेंद्रला विचारलं तर मान खाली घालून जेवतो. शेजारपाजारी सून कधी येणार विचारतात आणि मी काहीतरी उत्तर देते.

हे फार तापलेत. माझ्या थोरल्या दिरांना घेऊन लांज्याला यायचं आणि चार माणसांत सोक्षमोक्ष लावायचा, असं त्यांचं ठरलंय. बॅग भरून ठेवली आहे.

काल तुमचं ऑगस्टचं पत्र पुन्हा वाचलं. एकटाच पळणारा वजीर, वाट नसलेले हत्ती, समोर आपलीच प्यादी. आनंदीताई, हे तुम्ही माझ्याविषयी लिहिलं होतंत का? समिधाने तुम्हाला काही सांगितलं होतं का? टोमणा असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी तिला कधी एका शब्दाने दुखवलेलं नाही. ती कपबशीसुद्धा विसळायला गेली तर मी हातातून घेतली आहे.

या वेळी चाल नाही. मन लागत नाही.

शैला


लांजे
१५ ऑक्टोबर २००४

सौ. शैलाताई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

टोमणा नव्हता. तेव्हा समिधा तुमच्याकडेच होती आणि मला काहीही ठाऊक नव्हतं. पट समोर होता, पटाबद्दलच लिहिलं. तुम्हाला टोचून बोलायचं असतं तर सरळ बोलले असते, सोंगट्यांच्या आड लपले नसते.

आता मात्र ठाऊक आहे. समिधाने सांगितलं आणि कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं. ती गोष्ट माझी नाही, म्हणून मी लिहू शकत नाही. एवढं लिहिते की तुमच्याबद्दल तिने एक वाकडा शब्द काढलेला नाही. जावईबापूंवरही तिचा राग नाही, त्यांची ती वाट बघते आहे. पोस्टमन आला की उठून दारात जाते.

हात जोडून सांगते, तुम्ही कुणी येऊ नका. आलात तर ती तुमच्याबरोबर निघेल. मोठ्या माणसांना ती नाही म्हणणार नाही. पण मग जे आहे ते तसंच राहील आणि पुढे जड जाईल. संसार म्हणजे काही पट नव्हे, हे मलाही कळतं. तरी वडील म्हणत ते लिहिते. घाईने हल्ला करायचा मोह झाला की हात मांडीखाली घेऊन बसावं. थांबणं ही चाल सगळ्यात अवघड.

मलाही घास गोड लागत नाही. मुलगी घरात आहे आणि आईला बरं वाटत नाही, असं पहिल्यांदाच होतंय.

तुमच्या कार्डाची वाट बघते. चाल नसली तरी कोरं पाठवा.

आपलीच,
आनंदी


इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
२० नोव्हेंबर २००४

प्रिय आनंदीताई,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

दिवाळीला पत्र नव्हतं, क्षमा करा. बॅग त्याच दिवशी रिकामी केली. हे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

पण नुसतं बसणं मला जमेना. मग तुमच्या वडिलांचा प्रश्न घेऊन घरभर बघितलं. आधी वाटलं समिधा, पण ती तर घरातच नव्हती. मग जितेंद्र दिसला. तिशी आली पोराची, त्याला मी कधी दूध तापवू दिलं नव्हतं. मला नेमकं काय करायचंय ते कळत नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठणं सोडलं. गुडघा दुखतो म्हटलं, जे थोडंफार खरं आहे. उठले की सरळ हंसाबेनकडे चहाला. पहिल्या दिवशी त्याने दूध उतू घालवलं आणि डब्याशिवाय गेला. परतल्यावर ओटा बघून माझे हात शिवशिवले. हंसाबेन म्हणाल्या की रहने दो, सूखने दो.

दिवाळीच्या आधी तो उपमा करायला लागला होता. एका सकाळी मी निघाले तर तो करपलेली कढई घासत उभा होता. वर न बघता बोलायला लागला. त्याने आणि समिधाने गणपतीच्या आधीच जवळच्या पूनम सागर वसाहतीत भाड्याची जागा बघितली होती. तिथे समिधाला शिकवण्या मिळणार होत्या. आईला तू स्वतः सांग, मग मी येते, असं ती त्याला म्हणून गेली होती. त्याला सांगायचं धाडस होत नव्हतं. तू सगळं इतकं करतेस, म्हणाला, की तुला काय सांगू आणि कधी सांगू, मधे जागाच नसते.

मी हंसाबेनकडे गेले आणि रडले. त्यांनी चहा ठेवला आणि पट मांडला. डाव मी हरले, लक्षच नव्हतं.

ताई, मला जे मिळालं नाही ते मी तिला दिलं. तिला ते हवं आहे का, हे विचारायचं राहिलं. संध्याकाळी जितेंद्रला सांगितलं की जागा पक्की कर. ह्यांना वाटतं मी मुलगा घालवला. रात्री माझ्याही मनात तेच येतं. पण सकाळी येत नाही.

समिधाला म्हणावं, शाळेचं काम पुरं करून सावकाश ये. चाल लिहिते: हत्तीसमोरचं प्यादं मारायला लावून कोपऱ्यातला हत्ती बाहेर काढलाय.

जसा लोभ आजवर केलात तसाच या वेड्या विहिणीवर करीत राहा.

तुमची,
शैला


लांजे
२९ नोव्हेंबर २००४

प्रिय शैलाताई,
अनेक नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी समिधाला वाचून दाखवलं. अर्ध्यावर ती उठून विहिरीकडे गेली. परत आल्यावर म्हणाली की आईंना मी त्यांच्या मुलाला तोडते असं वाटेल, याचीच भीती होती. जावईबापू शनिवारी आले. दोघं ओसरीवर बसून बोलली, या वेळी मोठ्याने. आम्ही मुद्दाम दुकानात थांबलो.

एक कबुली देते. हे दोन महिने मीही तिला गरम भाकरी वाढत होते आणि पाणी शेंदू देत नव्हते. एकदा ती माझ्याकडे अशी बघत राहिली की माझाच हात थांबला. तुम्ही एकट्या नाही.

हत्तीची चाल उत्तम आहे. दोन दिवस उत्तर सापडलं नाही. वडील असते तर तुम्हाला फणसाचा गरा दिला असता.

दोघांना पाठवते आहे, सांभाळा असं लिहिणार होते, ते खोडलं. अधूनमधून भेटा, एवढंच.

आपली,
आनंदी


इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
१७ जानेवारी २००५

प्रिय आनंदीताई,
सप्रेम नमस्कार. तिळगूळ पोचला, दुकानातला सगळाच पाठवलात असं ह्यांना वाटलं.

आपल्या डावात मी राजा आडवा करते. एक प्यादं कमी आहे आणि तुमचा राजा आधी पोचतोय, हे मला आता चालीआधीच दिसतं. हरले पण शेवटपर्यंत माझी सगळी मोहरी कामावर होती. हंसाबेनना डाव पहिल्या चालीपासून लावून दाखवला. त्या म्हणाल्या की अब ठीक से हारी हो. पुढच्या डावात पांढरी तुमची.

घर फार शांत झालंय. चाळीत एकटं राहायला कोपरा मिळत नसे आणि आता दोन खोल्यांत माझ्या पावलांचा आवाज येतो. सकाळी जाग येते, डबा नसतो, मग मी तशीच पडून गॅलरीतले भाऊ, त्यांचे आवाज, कपबश्या असं काहीबाही आठवत राहते.

संक्रांतीला समिधाने आम्हाला पूनम सागरला जेवायला बोलावलं. हे येणार नाही म्हणत होते, आले. तिचा मसाल्याचा डबा ओट्याच्या चुकीच्या बाजूला आहे. मी उठले तशी पुन्हा बसले. तिने पान मांडलं. मी बसून जेवतेय आणि कुणीतरी मला वाढतंय, असं शेवटचं कधी झालं होतं ते मला आठवेना. आमटी खारट झाली होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. जितेंद्रनेही पाहिलं. मी वाटी पुढे केली आणि आणखी थोडी मागून घेतली.

चालीची वाट बघते. लोभ आता पटावरही असला तरी चालेल, घोडा मात्र देऊ नका.

तुमची,
शैला