राणीचं बोलणं, दासीचं बोलणं

प्रिय गुंजन,

तू फोन ठेवलास आणि मी लगेच लिहायला बसले. "आम्ही दोघं मजेत, सगळं ग्रँड," असं तू आजही म्हणालीस. किती गोड, किती सावकाश! तू माझ्याशी अशी कधीपासून बोलायला लागलीस गं? त्या आवाजाची मला हल्ली भीती वाटते.

गेल्या रविवारी शेजारच्या लिनकाकूंनी मला त्यांच्या चिनी संगीत नाटकाला ओढून नेलं. इथेच, आमच्या क्लोनडॉकिन गावातल्या कम्युनिटी हॉलमध्ये. राणी आली आणि एकेक शब्द लांबवत, हेल काढत अशी बोलली की मला वाटलं, ही गातेच आहे. लिनकाकू म्हणाल्या, मलाही निम्मं कळत नाही, घरी असं कोण बोलतं! राण्या, प्रधान, मानाची माणसं स्टेजवर अशीच बोलतात म्हणे. दासी आणि विदूषक मात्र बाजारात बोलावं तसं धडाधड. दासीने तोंड उघडलं आणि अख्खा हॉल खुलला. मला मात्र त्या राणीवरून तू आठवलीस.

आपल्या नागपूरच्या शाळेत गॅदरिंगला तू कायम राणी आणि मी कायम तुझी दासी. माझी उंची बघून बाईंनी ते ठरवूनच टाकलं होतं! आठवीत तू "हे दासी, आमचे हृदय..." म्हणालीस आणि गाडी अडली. मी आपली पंखा हलवतेय, तू माझ्याकडे बघतेयस. शेवटी मुकुट सावरत भर स्टेजवर विचारलंस, "तन्वे, पुढचं काय गं?" काय हशा पिकला! बाई भडकल्या, पण मला तीच राणी सगळ्यात जास्त आवडली होती.

काल इथल्या इंडियन दुकानात तुझा नवरा भेटला, संकेत. बास्केटमध्ये एक छोटं दूध आणि मॅगी. तुझी चौकशी केली तर बिचारा गडबडला. मग म्हणाला, जानेवारीपासून तो इथेच वेगळी खोली घेऊन राहतोय. म्हणजे इतके महिने तू तिकडे शॅनन गावातल्या त्या घरात एकटी, आणि मला फोनवर "आम्ही दोघं"! रागावले नाहीये. बरं, थोडी रागावलेय. शनिवारी सकाळच्या बसने येतेय, तर्रीपोह्यांचं सगळं सामान घेऊन. तू मला काहीही समजावून सांगू नकोस. बोलायचं काम दासीचं. तू फक्त दार उघड आणि तेव्हासारखं विचार, "तन्वे, पुढचं काय गं?" पुढचं मलाही माहीत नाही. दोघी मिळून बघू.

तुझीच, अजूनही पंखा धरून उभी असलेली,
तन्वी