ओटा पडद्यावर मावेना

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे). तू, वहिनी आणि आत्या (तुझी आई असली तरी माझी आत्याच) कसे आहात? आत्याचं हाड जुळलं, चालणं परत आलं नसलं तरी व्हीलचेअर ती आता स्वतःच फिरवते आणि तुमच्या दारांच्या चौकटींचा रंग खरवडते, असं वहिनींकडून कळलं. ऐकून फार बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा रक्तदाब ताब्यात आहे, माझा मात्र गेले काही आठवडे बाबांच्या कॉम्प्युटरच्या ताब्यात होता. फोन करता आला असता, पण फोनवर तू नेहमी एकच वाक्य बोलतोस, "बंद करून परत चालू केलंस का?", आणि मी हो म्हटलं की "मग बघतो" म्हणून ठेवून देतोस. माणसाला मन मोकळं करायला ऐसपैस जागा लागते, म्हणून हे पत्र.

बाबा स्वयंपाकघर नव्याने करताहेत हे तुला माहीत आहे. कशासाठी ते मी सांगितलं नव्हतं. ते आत्यासाठी आहे. बाबा तुझ्याकडे आले होते तेव्हा त्यांनी पाहिलं, की आत्या खुर्ची ओट्याला लावून बसते, वर काय शिजतंय ते तिला दिसत नाही, आणि वासावरून अंदाज घेऊन ती वहिनींना मीठ कमी पडल्याचं सांगते. (यात वहिनींचा काही दोष नाही. मीठ कमीच होतं असं बाबांचं म्हणणं, पण ते शेवटी भावाचं मत.) घरी परतले ते चप्पल न काढता टेबलाशी बसले आणि म्हणाले, ताईचा हात शेगडीपर्यंत पोचला पाहिजे. दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. आमच्या हिला सांगून हॉस्पिटलातून एक व्हीलचेअर आणवली आणि अख्खी दुपार तिच्यात बसून, पाय न हलवता, डबे, नळ आणि कांद्याची टोपली गाठायचा सराव केला. मी पाणी आणून द्यायला गेलो तर माझ्यावरच खेकसले, ताईला कोण आणून देणार आहे म्हणून. ओट्याखाली गुडघे जातील अशी पोकळी, हाताशी येणारे ड्रॉवर आणि मधे खुर्ची पूर्ण वळेल एवढं वर्तुळ, असा सगळा नकाशा ठरला. सुतार महिनाअखेरीस दुसऱ्या मोठ्या कामावर जाणार होता. त्याच्या आत कागद हातात पडला नसता तर तो थेट पुढच्या वर्षी उगवला असता.

आता तुझ्या लिनक्सकडे येतो. विंडोज काढून तू ते बाबांच्या कॉम्प्युटरवर घालून दिलंस त्याबद्दल आम्ही तुझे ऋणी आहोतच. व्हायरसचं नाव नाही, कुरकुर नाही. पण बाबांचा नकाशे काढायचा प्रोग्रॅम म्हातारा, तो फक्त जुन्या विंडोजवर चालतो, म्हणून तू लिनक्सच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन करून दिलंस. (हिला मी ते असं समजावलं, की खऱ्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर असतो आणि आपण खोटे आहोत हे त्याला माहीत नसतं. ही म्हणाली, अशी माणसंही असतात, आणि माझ्याकडे बघत राहिली.) तो आतला कॉम्प्युटर चालतो उत्तम, फक्त दिसायचा पोस्टकार्डाएवढा. एवढा थोरला मॉनिटर, त्याच्या मधोमध इवलासा चौकोन, आणि त्या चौकोनात बाबांचा ओटा. शेगडी नीट बघायची तर सिंक बाहेर जायचं, सिंक आणावं तर दार जायचं. बाबा भिंग घेऊन बसायचे. दादा, मी चष्म्याचं दुकान चालवतो. येणारा जाणारा मला अक्षरं वाचून दाखवतो, आणि माझे सख्खे वडील घरी भिंगाने ओटा शोधताहेत हे गिऱ्हाइकांना कळलं असतं तर दुकानाला टाळं लागलं असतं. मी त्यांना नवा चष्मा देऊ केला. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, पडदा लहान आहे. वर भिंग पुसायला माझ्याच दुकानातलं फडकं मागितलं.

मग मी बाह्या सरसावल्या. मेनूत फुलस्क्रीन असा शब्द सापडला. तो दाबला आणि पडदा खरोखरच काठोकाठ भरला, पण काळोखाने. मधे तेच पोस्टकार्ड. वरचा मेनू गेला, घड्याळ गेलं, बाहेर पडायची वाट गेली. बाहेर यायला उजवीकडचं कंट्रोल बटण दाबा असं म्हणे आधी लिहून आलं होतं (मी अशा सूचना वाचत नाही, 'ठीक आहे' दाबून मोकळा होतो). आणि बाबांच्या कीबोर्डला उजवीकडे कंट्रोलच नाही! टेबलावर पट्ट्या आणि गुण्या मावाव्यात म्हणून त्यांनी मुद्दाम आखूड कीबोर्ड घेतलाय. मी उरलेली सगळी बटणं दाबून पाहिली, एकेकटी आणि जोडीने. बाबा शेजारी शांत बसून होते. ओरडायला हवं तेव्हा हा माणूस ओरडत नाही, आणि त्यांच्या या मोठेपणाने मला लहानपणापासून छळलंय. शेवटी माझं कोपर लागून माऊस पार तळाला गेला आणि तिथून एक पट्टी हळूच वर आली. तिच्यावर बाहेर पडायचं बटण होतं. मी ते पहिल्यापासून माहीत असल्यासारखं दाबलं.

दुसऱ्या खेपेला मात्र मी बाजी मारली, असं मला वाटलं. मेनूत 'स्केल्ड' नावाचा आणखी एक प्रकार निघाला. तो लावताच ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. बाबा औषधं आणायला गेले होते, आणि नेमका तेव्हाच सुतार आला. त्याला ड्रॉवरच्या मुठीचा आकार हवा होता. आत्याची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत, म्हणून बाबांनी जाडसर गोल मूठ बेतली होती आणि ती पडद्यावर खऱ्या मापात मांडली होती, हे मला ठाऊक होतं. मी ऐटीत म्हटलं, ही काय समोर आहे, घ्या गिरवून. त्याने पडद्यावर बटरपेपर ठेवला, पेन्सिलीने मूठ उतरवून घेतली आणि सकाळी लाकडाचा नमुना घेऊन हजर झाला. ती एवढी लांब आणि चपटी झाली होती की ड्रॉवर उघडायला दोन माणसं लागली असती. सुतार माझ्याकडे बघून हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी स्टीलची पट्टी पडद्यावर आडवी लावली, मग उभी लावली. खुर्ची वळायचं वर्तुळ अंड्यासारखं झालं होतं. "अरे, हे मोठं नाही झालं," ते मला म्हणाले, "ओढलं गेलंय." सुताराने सगळाच ओटा असा गिरवून नेला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दामच करत नाही.

त्यानंतर मी वाचायला बसलो. जगभरात किती माणसं पोस्टकार्डाएवढ्या पडद्यापुढे बसून टाहो फोडताहेत याची तुला कल्पना नसेल. एकाने लिहिलं होतं, की यजमानाने पाहुण्याला थोडं जोडसामान द्यावं लागतं, ते आत बसवलं की पाहुण्याला कळतं आपल्याला जागा केवढी आहे. (बाहेरचा कॉम्प्युटर यजमान आणि आतला पाहुणा, असं त्या लोकांत म्हणतात.) मी ते बसवलं. शेवटी त्याने विचारलं, आता परत सुरू होऊ की नंतर? बाबा म्हणाले नंतर, म्हणून मीही नंतर दाबलं. दुसऱ्याचा सल्ला होता, चित्रासाठी राखलेली मेमरी वाढवा. तो आकडा वाढवायची पट्टी सापडली, पण ती राखाडी होऊन पडलेली, कितीही ढकलली तरी जागची हलेना. तिसरा म्हणाला, लिनक्सच टाकून द्या. चौथा त्या तिसऱ्याला वाट्टेल ते बोलला. त्यांच्या भांडणात माझा एक रविवार छान गेला.

आणि मग आमची ही पुढे झाली. तुला माहीतच आहे, ही दिवसभर ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल देते, त्यामुळे घरी आल्यावर हिला कशाचीही घाई नसते. हिने खुर्ची ओढून घेतली आणि बाबांना एवढंच म्हणाली, की तुम्ही हे रोज बंद कसं करता ते मला दाखवा. बाबांनी कोपऱ्यातली फुली दाबली. तीन पर्याय आले. त्यांनी पहिला निवडला, 'आहे तसंच जपून ठेवा', आणि दुसऱ्या दिवशी उघडलं की सगळं, अगदी माऊसचा बाण धरून, होतं तिथे सापडतं असं कौतुकाने सांगितलं. ही म्हणाली, "बाबा, हे बंद होत नाही, हे झोपतं. आणि पेशंट पूर्ण जागा झाल्याशिवाय मी त्याला घरी सोडत नाही." घे! तू घालून दिलंस तेव्हापासून तो आतला कॉम्प्युटर एकदाही खराखुरा बंद झालाच नव्हता. जोडसामान परत सुरू होण्याची वाट बघत ताटकळलं होतं, आणि झोपलेल्याची मेमरी वाढवू देत नाहीत म्हणून ती पट्टी राखाडी. मी तुला फोनवर बंद केलं म्हणून सांगायचो ते बाहेरच्या कॉम्प्युटरबद्दल. थोडक्यात, तुझं ते एक वाक्य बरोबर होतं. हे लिहिताना हात जड झालाय, तरी लिहितो. पण खरी शाबासकी हिचीच. मी इतके दिवस कॉम्प्युटरकडे बघत होतो, ही बाबांच्या हाताकडे बघत होती.

बाबा बंद का करत नव्हते? ज्या पंपाच्या कारखान्यात ते नकाशे काढायचे, तिथे नकाशावर सही होईपर्यंत कागद फळ्यावरून उचलायचा नाही असा दंडक होता. उचललेला कागद परत लावला की केसभर तरी सरकतोच. ओटा अजून पुरा झाला नाही, मग कागद काढायचा कसा? म्हणून त्यांनी फाइल सेव्हसुद्धा केली नव्हती, दादा. अख्खा ओटा नुसता त्या झोपेत होता, आणि मी त्याच्यावर बसून जगातली सगळी बटणं दाबत होतो. हिने बाबांना कितीतरी वेळ समजावलं, तरी त्यांचा हात माऊसवर जायचा आणि परत यायचा. शेवटी त्यांनी सेव्ह दाबलं. प्रोग्रॅमने फाइलचं नाव विचारलं. बाबांनी थोडा विचार केला आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'ताई'. मग बंद केलं.

हिने ती मेमरीची पट्टी सरकवली, या वेळी ती निमूट सरकली. मशीन परत चालू झालं. आधी तेच पोस्टकार्ड आलं आणि माझा चेहरा पडला. मग पडद्याने एकदा डोळा मिटून उघडला, आणि आतली विंडोज कडेपासून कडेपर्यंत बसली, न ओढता, न ताणता. बाबांनी ओटा उघडला. शेगडी, सिंक, ड्रॉवर, दार, सगळं एकदम समोर. त्यांनी पट्टी आडवी लावली, उभी लावली. वर्तुळ वर्तुळच होतं. मग खुर्ची पार भिंतीपर्यंत मागे नेली आणि लांबून बघत राहिले. "बसतंय," म्हणाले. जन्मभर पंपांचे नकाशे काढलेला हा माणूस, याने कधी स्वतःसाठी एक फळी ठोकून घेतली नाही, आणि बहिणीच्या गुडघ्यांसाठी केवढी जागा लागेल ते खुर्चीत बसून शोधून काढलं. मी चष्मा पुसायच्या निमित्ताने दुकानात निघून गेलो.

सुताराला कागद वेळेत मिळाला, जुना ओटा निघाला, नवा बसतोय. मूठही आता मुठीएवढी झाली आहे. वहिनींना नमस्कार सांग, आणि आत्याला माझ्या वतीने खरा, वाकून घातलेला नमस्कार तू घाल.

तुझा धाकटा,
चष्मेवाला

ता. क. आता खरं सांगतो. हे पत्र कॉम्प्युटरसाठी लिहिलेलंच नाही. आत्याला यातलं काही म्हणता काही माहीत नाही. तिला विचारा म्हटलं तर बाबा आधी नकाशा होऊ दे म्हणायचे, आता सुतारकाम होऊ दे म्हणतात. पडल्यानंतर ती सगळ्यांसमोर म्हणाली होती की भावाच्या घरी बसून खाणार नाही, त्याची त्यांनी धास्ती घेतलीय. शिवाय तुझ्या आईला तुझ्याच घरातून मागून घ्यायचं, हे भाच्याला कोणत्या तोंडाने सांगावं हेही त्यांना कळत नाही. म्हणून ते माझ्या तोंडाने सांगतोय. दादा, रागावू नकोस, आणि तूच तिला विचार. नाही म्हणाली तर बाबांना कळवू नकोस, आधी मला कळव.

ता. ता. क. मी पाकीट शोधत होतो तेवढ्यात बाबांनी कोणाला न विचारता पडद्याचा फोटो काढून वहिनींच्या मोबाइलवर पाठवला (सगळा ओटा आता एका फोटोत मावतो ना). लगेच आत्याचा फोन. बाबा फोन कानापासून लांब धरतात, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. म्हणाली, "मी भावाकडे बसून खाणार नाही, सांगितलंय ना?" बाबा म्हणाले, "बसून खायला कोण बोलावतंय? ओटा खाली घेतलाय. आमच्याकडे आता उभ्या माणसाला रांधताच येत नाही." मग आत्या म्हणाली, "ओट्याशी माझ्या एकटीचीच जागा दिसतेय. तू कुठे बसणार?" बाबा म्हणाले, "मी?" ती म्हणाली, "मग भाजी कोण चिरणार?" आणि ठेवून दिला. तेव्हा वरची विनंती रद्द समज आणि तिला न्यायला कधी येऊ ते कळव. बाबा आत ओट्याच्या नकाशात स्वतःसाठी स्टूल काढताहेत.