पाण्यावरची अठ्ठावीस अक्षरं

सूचौ, दुसऱ्या महिन्याचा विसावा दिवस

वेनहाय यांस,

वाकून नमस्कार. मुंडण करून तुम्हाला नवं नाव मिळालंय, पण त्या नावाने लिहायला बसलं की कुणा परक्याकडे काम काढल्यासारखं वाटतं. जुन्याच नावावर चालवून घ्या.

इकडे सगळं ठीक. सूनबाईंनी बांबूचे कोंब खारवलेत, माझे दात मात्र आता ते पाहण्यापुरतेच उरलेत. बाकी मी तोच. सकाळी कन्फ्यूशियसचा, जेवण झालं की ताओचा, आणि पोट बिघडलं की बुद्धाचा.

गुरुजींचं नावेचं चित्र थडगी झाडायच्या छिंगमिंग सणाला त्यांच्या थडग्यापाशी मांडायचं, म्हणून तुम्ही ते पहिल्या महिन्यातच मागितलंत. मी कळवलं की कागद सादळला, चित्र मढवायला फानकडे दिलंय. कागद सादळलेला नाही. चित्र माझ्याच बैठकीत टांगलेलं होतं.

मठात जाताना ते तुम्ही माझ्या हाती दिलंत तेव्हा म्हणाला होतात, ‘तुझी जीभ कशीही असो, हात विश्वासाचा आहे.’ हे वाक्य मी चारचौघांत किती वेळा ऐकवलं असेल! जुन्या चित्रांवर कविता लिहून लाल शिक्के मारणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, घोड्याला डाग देतात तसं चित्राला देतात म्हणून. तर गेल्या शरदात निवृत्त चू साहेबांच्या बागेत रसिक जमले. मी गुरुजींचं चित्र मिरवायला घेऊन गेलो. खाली कोपऱ्यात बोटभर लांबीची नाव, वर नुसता कोरा कागद. ते पाहून एकेक जण शून्यावर बोलू लागला. मीच सर्वांत छान बोललो. चू साहेबांनी कुंचला पुढे केला आणि म्हणाले, “शेन महाशय, एवढं सुंदर बोललात, ते हवेत का सोडता?”

मी हवेत सोडलं नाही. नावेच्या बरोबर वर, चार ओळींत, अठ्ठावीस अक्षरं. विषय काय? रिकामेपणाची थोरवी. मग चू साहेबांनी एक कविता उतरवली, त्यांच्या व्याह्यांनी दुसरी. शेवटी अकरा शिक्के बसले. मला वाहवा मिळाली, आणि ते चित्र मी घरी आणून कौतुकाने बैठकीत लावलं.

मग तुमचं पत्र आलं. फानला विचारलं. तो म्हणाला, वरचा भाग कापून उरलेलं नव्याने मढवता येईल, कुणाला कळायचं नाही. मी हो म्हणालो. तुम्हाला लिहिलेलं खोटं त्यासाठीच होतं.

परवा चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर पसरलं, तेवढ्यात काठी टेकत गुरुमाई आल्या. सणाचे तांदळाचे हिरवे गोळे घेऊन, कुणाला न सांगता, एकोणऐंशीव्या वर्षी. मला गुंडाळायलाही सवड मिळाली नाही. त्यांनी नाव ओळखली. मग वर पाहत राहिल्या.

“मोलिन, पाणी कुठे गेलं रे?”

या जिभेला उत्तर सुचलं नाही असं कधी झालंय? सुचलं, तेच वाईट. मी म्हणालो, “गुरुमाई, कविता आहे. शून्याचीच स्तुती आहे.”

“ती करायला घरात दुसरा कागद नव्हता?”

रागावल्या नाहीत. खुर्चीत बसून, चित्र काढलं त्या दिवसाचं सांगू लागल्या. शाई त्यांनीच उगाळली होती. गुरुजींनी नाव काढली आणि कुंचला खाली ठेवला. गुरुमाई म्हणाल्या, पाणी काढायचं राहिलं की. तर गुरुजी म्हणाले, पाय मागे घे, भिजशील. आणि गुरुमाईंनी खरोखरच पाय मागे घेतले होते. हे सांगताना त्या हसल्या. मला मात्र मान वर करता आली नाही.

यंदा थडगं झाडायला येऊ का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “वेनहायला विचार. शिष्यांत थोरला तो आहे.”

फानकडे मी गेलो नाही. चित्र आहे तसं, अकरा शिक्क्यांसकट, चहाच्या होडीवाल्याबरोबर तुमच्याकडे धाडतोय. आणि खरी लाज अजून सांगायचीच आहे. ती कविता चांगली आहे, वेनहाय. आजही एकटा असलो की मनात म्हणून पाहतो, आणि आवडते. गुरुजींपाशी वीस वर्षं बसून मी एवढंच शिकलो.

या म्हणालात तर नुसता झाडू घेऊन येईन, कुंचला घरी ठेवून. नको म्हणालात तर तेही बरोबरच आहे. फक्त गुरुमाईंना तुम्ही कळवा, माझ्याने ते सांगवणार नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत मी स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवत नाही, म्हणून खाली तुमचा गुरुबंधू असंही लिहीत नाही.

शेन मोलिन