खोट्या भुतांसाठी गाऱ्हाणं

रविवार, संध्याकाळ

आज लेकीला घेऊन जत्रेतल्या भूतबंगल्यात गेले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. लहानपणी बाबा दाराशी आधी गाऱ्हाणं घालायचे, "बा देवा म्हाराजा, आतली भुतां खोटी हायत, खऱ्यांनी राग मानू नये." रांगेतली माणसं हसत "व्हय म्हाराजा" म्हणायची. मग गाडी अंधारात शिरली की बाबा माझ्या खांद्यावर हळूच हात ठेवायचे. मी किंचाळायचे, दर वर्षी.

आज गाऱ्हाणं मीच घातलं. लेक पुटपुटली, "आई, लोक बघतायत."

आत ती सांगाड्यांना बघून खिदळत होती. मी मात्र खांदा जरा मागे करून बसले होते. का, ते तिला कसं सांगू?

गाडी बाहेर आली. खांद्यावर हात पडलाच नाही. भूतबंगल्यातून इतकं हिरमुसून कुणी बाहेर पडलं नसेल.