ऊर्जा, पेशी आणि आमच्या मंजूचं व्याख्यान

उदगीर, सोमवार

तीर्थरूप धोंडप्पाअण्णांना धाकट्या उमाशंकरचा शरणु शरणार्थी. तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि अर्धापूरची केळी, तिन्ही यंदा ठीक असतील अशी आशा करतो. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. अण्णा, तुम्ही फोन हातभर लांब धरून स्पीकरवर बोलता आणि केळी भरायला आलेले गडीसुद्धा मधूनमधून उत्तरं देतात. आजचा विषय तसा नाही. चष्मा लावा आणि मनात वाचा.

आपली मंजुश्री डॉक्टर झाली. (सुई टोचणारी नव्हे, संशोधनाची. हे मी दुकानात रोज समजावून राहिलो, तरी गिऱ्हाईक तिला बघितलं की जीभ बाहेर काढून दाखवतं.) पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. तिथल्या कर्करोगाच्या पेशी वाढायला लागणारी ताकद कुठून आणतात आणि कोणती जनुकं ते ठरवतात, या एका गोष्टीवर पोरीने नांदेडला उमेदीची सगळी वर्षं घातली. शेवटी पदवी मिळाली आणि आपल्या समाजाच्या सभागृहात तिचा सत्कार आणि व्याख्यान ठरलं. मला तर दोन दिवस तूरडाळ आणि हरभराडाळ यातला फरक कळेना, इतका आनंद.

घोळ झाला पत्रिकेत. सभागृहाचे अध्यक्ष महादेवप्पा म्हणजे फार मर्यादेचा माणूस. वर बसवण्णांचं चित्र आणि खाली प्रोस्टेट, हे त्यांना पटेना, म्हणून तो शब्द गेला. सत्काराच्या पत्रिकेत कर्करोग अशुभ, म्हणून तोही गेला. जनुकं कुणाला कळणार नाहीत म्हणून त्यांनाही काट मारली. उरलं काय, तर ‘ऊर्जा आणि पेशी : डॉ. मंजुश्री यांचे मार्गदर्शन’. आता अण्णा, आपल्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, आणि ऊर्जा म्हटलं की लाईट. सभागृह गच्च भरलं. निम्मे लोक मोटारीला वीज मिळेना म्हणून आलेले, निम्मे बांधाच्या भांडणाचे कागद काखेत मारून. श्रीमंत नावाचा एक शेतकरी तर जळालेला फ्यूज रुमालात बांधून घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. मी बाप या नात्याने प्रास्ताविकाला उभा राहिलो आणि ‘त्या ठिकाणची ती ग्रंथी’ एवढंच बोलून घामाघूम होऊन बसलो. लोकांना वाटलं, मी लाईटच्या डीपीबद्दल बोलतोय.

मंजूने मात्र माईक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात प्रोस्टेटचा कर्करोग म्हणाली. सभागृह असं चिडीचूप झालं की मागे भांडी घासणाऱ्यांचा आवाज पुढे ऐकू यायला लागला. मग ती सांगत गेली. अंगातली बहुतेक प्रत्येक पेशी साखर, चरबी, मिळेल ते पूर्ण जाळून आपली ताकद काढते. या ग्रंथीची निरोगी पेशी वेगळीच. ती जस्त साठवून ठेवते. त्या जस्तामुळे जाळण्याचं काम मध्येच अडतं आणि सायट्रेट नावाचा पदार्थ ती स्वतः न वापरता बाहेर सोडते, वीर्यासाठी. (इथे महादेवप्पांनी पंख्याकडे बघितलं ते शेवटपर्यंत मान खाली घेतली नाही.) कर्करोग होताना जस्त आत आणणारं जनुक मंदावतं. जस्त घटलं की अडलेलं काम सुरू होतं, आणि तीच पेशी सायट्रेट जाळून फोफावते. पुढे आणखी जनुकं बिघडली की ती चरबीवर जगते, आणि रोग फार वाढला की साखरेवरही तुटून पडते.

मी घाबरून लोकांकडे बघितलं, तर एकही माणूस उठला नव्हता. श्रीमंतने हात वर केला आणि विचारलं, “ताई, म्हंजे ती पेशी एका लाईनीवरून दुसऱ्या लाईनीवर जाती. मग ती लाईनच तोडता येत न्हाई का?”

अण्णा, पोरगी अशी खुलली की काय सांगू. “तेच तर शोधून राहिलोय आम्ही,” ती म्हणाली. औषध देऊन एक वाट बंद केली तर पेशी दुसरी कोणती धरते, ते कोणत्या जनुकामुळे, हे आधी कळलं तर दोन्ही वाटा एकदम अडवता येतील. अजून ते प्रयोगशाळेतच आहे, पण होईल, असं तिने सांगितलं. मग प्रश्नांवर प्रश्न. साखर सोडली तर हा रोग टळतो का, असं खुद्द महादेवप्पांनी पंख्याला विचारलं. मंजूने सांगितलं, नुसती साखर सोडून तो टळत नाही, आणि सुरुवातीला बहुतेकांना काही त्रासही जाणवत नाही, म्हणून वय झालं की डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावं.

तपासणीची सोय शेजारच्याच खोलीत केली होती. मंजूने तिकडे हात केला आणि सगळ्या पुरुषांना एकदम चपला सापडायला लागल्या.

तेव्हा लक्ष्मम्मा उठली. सराफाच्या गल्लीतली, तुम्ही ओळखता. म्हणाली, “आमच्या मालकांनी लाजून कुणाला सांगितलं न्हाई. पाठीचं हाड दुखतंय म्हणून बाम चोळत राहिले. हाडात गेलंय हे डॉक्टरनं सांगितलं, तवा लई उशीर झाला. पोरगी एवढी शिकून उभी राहून बोलाय लागली, आन् तुमी उठून चाल्लाव?”

चपला घातलेले तसेच उभे. मंजू माझ्याकडे बघत होती. आता बापच बसून राहिला तर तिच्या शिक्षणाचा उपयोग काय, असं वाटून मी उठलो आणि त्या खोलीत जाऊन बाही वर केली. मागे श्रीमंत आला. मग महादेवप्पा. बाहेर रांग लागली आणि रांगेत बांधाच्या दाव्यातले दोन्ही पक्षकार एकामागे एक उभे. त्या दिवशी उदगिरात माझ्याएवढा ताठ चालणारा माणूस दुसरा नसेल.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायला जागाही बरीच आहे.

तुमचा,
उमाशंकर

ता. क. : वर लिहायचं धाडस झालं नाही. माझ्या रक्तातला आकडा जास्त आला. पुढे लातूरला तुकडा काढून तपासला, आणि निघालं. अण्णा, घाबरू नका. फार लहान आहे, ग्रंथीच्या आतच आहे, मंद जातीचं आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ता कापायचं नाही, नियमित लक्ष ठेवायचं. मंजू धीराने सगळं समजावत होती आणि बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ती म्हणते, ती अभ्यासते ती जनुकं गाठीत बिघडतात, पण काही दोष घराण्यातूनही येतात, आणि सख्ख्या भावाला निघालं की दुसऱ्याने तपासणी टाळू नये. मला दुसरा भाऊ नाही. लातूरला या आणि रक्त द्या. एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

ता. क. २ : पाकीट चिकटवताना तुमच्या भावजयीने, शिवकांताने सांगितलं की तिचं आणि वहिनींचं कधीच बोलून झालंय. शनिवारी आमचा पोरगा वीरेश गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येतोय, लातूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि तुमचे कपडे वहिनींनी पिशवीत भरून ठेवलेत. फक्त तुम्हाला विचारायचं राहिलं होतं, ते मी या पत्राने विचारतो. नाही म्हणायचं असेल तर वहिनींना म्हणा.