बोट मधोमध कापून लांब केल्याचं वर्तमान

जबलपूर, मंगळवार

आदरणीय डोमाजीभाऊ,

तुम्हाला आणि शकुवहिनींना मोतीरामचा मनापासून जय भीम. इकडे आम्ही खाऊनपिऊन बरे आहोत, तिकडे गोंदियाला तुम्ही दोघंही बरे असाल असं धरूनच लिहायला बसलो. तुमचं सकाळचं फिरणं चालू असेल, वहिनींची पापडाची खटपट आटोपली असेल. फोनवरही विचारता आलं असतं, पण फोन गीताच्या, म्हणजे तुमच्या बहिणीच्या, हाताशी असतो. तिला ऐकू कमी येतं म्हणून त्याचा आवाज इतका मोठा ठेवला आहे की तुम्ही तिकडे खोकलात तर इकडे शेजारचे विचारतात, साले साहब की तबीयत कैसी है. म्हणून हे पत्र. तसंही मनातलं सांगायला मला कागदच लागतो, तुम्ही जाणताच.

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करून टाकतो. आमच्या अश्वजीतच्या बोटीचे दोन तुकडे झालेला जो फोटो मोबाईलवरून तुमच्यापर्यंत पोचला, तो खरा आहे. पण अपघात झालेला नाही. बोट आम्हीच कापली.

आता काहून कापली, ते ऐका. ‘मैत्री’ तुम्ही पाहिलेली आहे. (मागच्या खेपेला तुम्ही तीत बसून बरगी धरणाच्या पाण्यावर फेरी मारून आलात, मी काठावर तुमच्या चपला सांभाळत होतो.) बोट मजबूत, इंजिन इमानदार, पण रूप म्हणाल तर आडवं पाडलेलं लोखंडी कपाट. वरचा डेक एवढासा. पंधरा माणसं उभी राहिली की सोळाव्याला सेल्फीत स्वतःचा कान तेवढा मिळायचा. आणि आजकाल पाण्यावर लोक पाणी पाहायला येत नाहीत भाऊ, स्वतःला पाहायला येतात. शेजारी नव्या चकचकीत बोटी लागल्या, तशी आमच्या बोटीकडची गर्दी तिकडे सरकली. अश्वजीत नुसता डेक धूत बसे. दिवसातून तीन-तीन वेळा धुतलेला डेक पाहिला की बापाला समजतं, गिऱ्हाईक नाही.

अशातच एके दिवशी त्यानं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड देशातली गोदी. आपल्या सिविल लाइंसमधला अख्खा एक रस्ता उचलून पाण्यावर ठेवावा एवढं मोठं प्रवासी जहाज. त्याला ते लोक मधोमध कापतात, दुधी भोपळा कापावा तसं. पुढचं अर्धं हळूच पुढे सरकवतात. मग खोल्या, खिडक्या, पडदे सगळं लावून आधीच तयार ठेवलेला एक तुकडा मधे आणून बसवतात आणि दोन्हीकडून जोडून टाकतात. जहाज लांब झालं, डेक ऐसपैस झाला, वर खुर्च्या मांडल्या, झाडंसुद्धा लावली! नाकही नवं करतात, असं की जहाज उभं असलं तरी निघालंय असं वाटावं. अश्वजीतनं सहज दाखवलं. त्याला वाटलं, म्हातारा पाहील आणि डुलकी घेईल. माझी दुपारची डुलकी त्या दिवसापासून जी गेली, ती अजून परत आलेली नाही.

माझी सगळी नोकरी लष्करी ट्रकांच्या फॅक्टरीत ड्रॉइंग काढण्यात गेली. चेसिस लांब करणं हा आमचा रोजचा खेळ. पण बोट कुठे कापावी आणि किती वाढवावी, याचं उत्तर मला फॅक्टरीतून नाही, शाळेतून मिळालं. आमचे मास्तर वृत्तं शिकवताना बाकावर बोटांनी ठेका धरून सांगत, लांब ओळ एका दमात म्हणता येत नाही, म्हणून तिच्या पोटात थांबायची एक जागा असते, तिचं नाव यती. ओळ मोडायची तर तिथेच मोडायची, दुसरीकडे मोडली तर तिला लागतं. (केवढा हळवा माणूस! आमच्या पाठीबद्दल मात्र एवढा हळवा नव्हता.) आता पाहा. मैत्री बारा मीटरची. बारा अक्षरांचं भुजंगप्रयात, चाल छान पण रुबाब नाही. रुबाब कशात? एकोणीस अक्षरांच्या शार्दूलविक्रीडितात. वाघाची चाल! आणि त्यात यती कुठे? बाराव्या अक्षरावर. बारा अधिक सात. म्हणजे सात मीटर वाढवायचे, हे तिथल्या तिथे ठरलं. मी उठून येरझारा घालू लागलो आणि गीता म्हणाली, तुम्हाला पित्त झालं आहे.

वेल्डिंगचं काम श्यामसुंदर भैयाकडे दिलं. उत्साही माणूस. मी त्याला शार्दूलविक्रीडित पुरतं समजावून सांगितलं, दोनदा म्हणून दाखवलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “बाबूजी, ये शार्दूल कौन सी कंपनी का माल है? अपने यहाँ मिल जाएगा, कि नागपुर से मँगाएँ?”

पण अश्वजीत माझ्यावर गेलेला नाही, आईवर गेला आहे. त्यानं मला न विचारता मेघना मॅडमना आणलं. बोटींचंच शिक्षण घेतलेली मुलगी, आपल्याच समाजातली, वडील रेल्वेत होते. तिनं माझी ड्रॉइंगं पाहिली, कौतुक केलं आणि म्हणाली, “काका, ट्रकच्या खाली रस्ता असतो, तो गप पडून राहतो. पाणी गप राहत नाही. सात मीटर वाढवले तर ही मधेच वाकेल, आणि सुकाणू कितीही फिरवा, वळणार नाही. तीन. तीनच्या वर मी सही करणार नाही.” तीन! वाघाचं मांजर केलं भाऊ. मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. घरात कोणाच्या ते लक्षात आलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी बोललो. आणि बोलता बोलता डोक्यात उजेड पडला. बारा आणि तीन पंधरा. पंधरा अक्षरांची मालिनी! किती गोड वृत्त, जशी मोगऱ्याची माळ हातातून सरकावी. यती आठव्या अक्षरावर. आणि मॅडमनं कापायची जागा खडूनं आखली, तीसुद्धा आठ मीटरच्या आसपासच निघाली. (टेप लावून पाहिलं नाही. कवितेत एवढं चालतं.) मी घरभर मालिनी, मालिनी करत फिरू लागलो. शेवटी तुमच्या बहिणीनं पोळी लाटणं थांबवून विचारलं, “हे मालिनी कोण होय? ह्या वयात?” समजावून सांगितलं. तिची खात्री पटली असं म्हणवत नाही.

मग कापाकापी. बोट काठावर ओढून लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि कापली. मागचं अर्धं शहाण्यासारखं बसून राहिलं. पुढच्या अर्ध्याचं वजन सगळं नाकात, ते मागचा आधार सुटताच नमस्कार घातल्यासारखं पुढे नाकावर टेकलं आणि त्याचा उघडा भाग आभाळाकडे झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सावलीत दोन बकऱ्या राहायला आल्या. नेमका तेव्हाच कोणीतरी फोटो काढला, आणि पुढची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. फोटोखाली ओळ, क्रूझ दो टुकड़े! पाटनहून आपल्या राखीचे मामा, म्हणजे सूनबाईचे मामा, पांढरी फुलं घेऊन आले. दार अश्वजीतनंच उघडलं. मामा इतके गांगरले की फुलं त्यालाच दिली आणि म्हणाले, “हॅपी बड्डे, जावईबापू.” कुंडमकडच्या एका सहलीनं ठरलेली फेरी रद्द केली. दोन दिवस माणसं येत राहिली, गीता चहा करत राहिली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला जिवंत अश्वजीत दाखवावा लागत होता.

तुकडा मात्र झकास बसला. मॅडम उभ्या राहून एकेक सांधा तपासत होत्या. नाकाचं काम माझ्याकडे होतं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मी किती नाकं काढली ते विचारू नका. मनात राजहंस होता भाऊ, डोळे मिटले की दिसायचा, मान वळवलेली, पाण्याला जेमतेम टेकलेला. पण हातानं आयुष्यभर जे काढलं तेच उतरलं. बोटीला ट्रकचं बॉनेट आलं आहे. राखी म्हणाली, बाबा, छान आहे, वेगळं आहे. गीता म्हणाली, हॉर्न वाजवून पाहा. काठावरचा चहावाला पूर्वी फौजेत होता, तो आता बोट दिसली की उभा राहतो.

वाढलेल्या डेकवरून घरात निराळंच सुरू झालं. अश्वजीतला तिथे नाचायला जागा हवी, राखीला भजी-कॉफीचं काउंटर. मी म्हटलं, एक खुर्ची माझी. ज्याला दोन ओळी म्हणायच्या असतील त्यानं तीत बसून पाण्याला ऐकवाव्यात. आणि खुर्ची कुठेही नको, सांध्यावर, यतीच्या बरोबर वर. मी हटून बसलो, शेवटची ड्रॉइंगं देईना, तेव्हा कबूल झाले. खुर्ची आता तिथे पक्की बोल्टनं बसवली आहे. सागवानी. दिसायला सुरेख.

वाळूची पोती भरून चाचणी झाली, तपासणीवाले साहेब पाहून गेले, कागद हातात आला. बोट सरळ तरंगते, झोकात वळते. सगळं झालं, पण माणूस चढेना! लोक येतात, रंगाखालून अजून दिसणारी सांध्याची रेघ पाहतात आणि शेजारच्या बोटीत जाऊन बसतात. परवा एकानं विचारलं, “भैया, ये जोड़ कितने दिन चलेगा?” अश्वजीत असा तापलेला मी कधी पाहिला नव्हता. घाटावर सगळ्यांसमोर ओरडून म्हणाला, “रविवार को पहला फेरा! जोड़ के ठीक ऊपर मेरे बाबा कुर्सी पे बैठेंगे। जिन्होंने काटी, वही बैठेंगे। फिर तो चढ़ोगे?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामसुंदर भैयानं मला मिठी मारली. मीही हात हलवला, आणखी काय करणार.

तर आता सगळं त्या रविवारवर आहे. मी खुर्चीत बसलेला दिसलो तर लोक चढतील आणि पोराचा हंगाम उभा राहील. ती खुर्ची रिकामी दिसली, तर ज्यानं कापली तोच बसायला भ्याला म्हणतील, आणि मग मैत्री भंगारातच जायची. अश्वजीत पुन्हा डेक धुऊन राहिला आहे, पण आता शीळ घालत.

माझी प्रकृती तशी उत्तम. जरा चुळबूळ होते इतकंच. जेवता जेवता उठतो, उठलो की काहून उठलो ते आठवत नाही म्हणून परत बसतो. बाकी आनंद. वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापे.

आपला मेहुणा,
मोतीराम

ता. क. भाऊ, आता खरं बोलतो. मी आजवर कधी बोटीत बसलो नाही. ह्या बोटीत नाही, कोणत्याच नाही. मला पाण्याचं भय वाटतं. अश्वजीतला वाटतं की मी काठावरून ड्रॉइंगच्या नजरेनं पाहतो. मी काठावर असतो, कारण काठ हलत नाही. सांधा पक्का आहे, त्याबद्दल शंका नाही. शंका माझ्याबद्दल आहे. तरी एक उपकार करा. शनिवारी सकाळी तुम्ही आजारी पडा. फोन करा, दम लागून राहिला म्हणा. तुम्ही आजारी म्हटल्यावर गीता एक क्षण थांबायची नाही, आणि तिला पोचवायला मला यावंच लागेल. मग म्हातारा भ्याला असं कोण म्हणेल? सख्ख्या साळ्यासाठी धावला म्हणतील. खुर्चीवर माझा चष्मा आणि टोपी ठेवून येईन.

ता. क. (बुधवार) पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात गीता सांगत आली की तिचं काल तुमच्याशी बोलणं झालं आणि तुम्ही शुक्रवारच्या गाडीनं निघून राहिले. ‘मोतीरामच्या बाजूला मी बसतो, एकट्यानं काहून मान घ्यायचा’ असं म्हणालात म्हणे. सांध्यावर दुसरी खुर्ची बसवायला श्यामसुंदर भैया ड्रिल घेऊन गेला आहे. म्हणजे हे पत्र पोचेल तेव्हा तुम्ही इथे माझ्यासमोर चहा पीत असाल, आणि पत्र फोडतील शकुवहिनी.

शकुवहिनी, नमस्कार. वरचं सगळं तुम्ही वाचलंच आहे, तेव्हा लाज धरण्यात अर्थ नाही. आता आजारी पडायचं तर तुम्हालाच पडावं लागेल. भाऊ लगेच परत फिरतील आणि त्यांना एकट्याला कसं सोडायचं म्हणून मी सोबत निघेन. साधा ताप पुरे. जास्त काही नको, नाहीतर अश्वजीतही बोट सोडून येईल, आणि त्याची फेरी झालीच पाहिजे. पण वहिनी, एवढ्यात पडू नका. आज सकाळी मी घाटावर जाऊन आलो. बोट काठाला बांधलेली होती, मी फळीवर एक पाय ठेवून पाहिला. दुसरा जमिनीवर होता, पण पहिला बराच वेळ फळीवर राहिला. तेव्हा असं करा. शनिवारी संध्याकाळी मी मिस्ड कॉल दिला तरच ताप आणा. नाही दिला, तर ठणठणीत राहा, आणि आम्ही दोघं बसलो असं समजा.