दंडावर न ठरणारी वाकी

उमरगा, सोमवार

तीर्थरूप अक्का यांना धाकट्या जावेचा, शरणम्माचा, वाकून नमस्कार, शरणार्थी. इकडं माझी शुगर, माझा बीपी आणि तुमचे दीर, तिघंही सध्या गोळ्यांवर शांत आहेत. तुमच्या गुडघ्यांची मुद्दाम चौकशी करते, कारण त्यांच्यामुळं तुम्ही आपल्या शिवप्रियाच्या लग्नाला येणार नाही, असा तुमच्या शंभूचा कळंबहून फोन आला. मी अजिबात रागावले नाही (रागावले होते, पण गोळी घेतली).

सासूबाईंनी वाकीची जोडी फोडून आपल्या दोघींना एकेक दिली, ती नातीला ओवाळताना दंडावर हवी, हे तुम्हाला मी काय सांगायचं! परवा घालून पाहिली. शुगरपायी वर्षात अकरा किलो उतरले, कातडं मात्र होतं तेवढंच राहिलंय. हात उचलला की दंडाखाली झोळी लोंबते आणि वाकी तिच्यावरून घसरून थेट कोपरावर. (सोनार म्हणतो, आणखी आवळली तर मोडेल.) ओवाळून बघायला गेले तर तबकात पडली आणि निरांजन विझलं. सूनबाई श्रीदेवी म्हणाली, तेलच कमी होतं, आत्या. गुणाची पोर.

मग समोरच्या राजेश्वरीबाईंनी उपाय सांगितला. मुलतानी मातीत तुरटी कालवून दंडाला थापायची आणि सुकेपर्यंत हात वर धरायचे. (त्यांना स्वतःला गुण आला का, ते कळायला मार्ग नाही. त्या उन्हाळ्यातही स्वेटर घालतात.) मी ओसरीत दोन्ही हात वर करून बसले आणि दारात जीप थांबली. नवरदेवाकडची मंडळी, न कळवता! हात खाली घ्यावेत तर वाळलेली माती कातडं ओढते, जीव जातो. व्याही वीरप्पा आत आले आणि म्हणाले, "अव्वा लई मोठ्या मनाच्या हायत बगा. आमी यायच्या आदीच हात वर करून बसल्यात." आणि पाया पडले. मागून विहीणबाई, त्यांच्या दोन जावा, जीपचा ड्रायव्हर. नवरदेव तर दोनदा पडला. मीही कुणाला कमी आशीर्वाद दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दंडांवर पुरळ. डॉक्टर भडकले. शुगरवाल्यांनी कातड्यावर असले प्रयोग करायचे नसतात, जखम लवकर भरत नाही म्हणाले. ऑपरेशन असतं, पण माझ्या वयाला आणि शुगरला ते नको. मूग-मटकी खा, हलकं वजन हळूहळू उचला, श्वास कोंडू नका. म्हणून रोज पाण्याचा तांब्या उचलते. हाताला बळ येईल, पण लोंबलेलं कातडं काही जागेवर जायचं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. खोटं कशाला बोलू, घरी येऊन रडले. सासूबाईंची एवढी एक वस्तू, तीही अंगावर ठरेना.

असो. तुम्ही गुडघे जपा. लग्नाचे फोटो पाठवीनच.

तुमची धाकटी,
शरणम्मा

ता. क. शंभूकडून खरं काढून घेतलंय. तुमचे गुडघे ठणठणीत आहेत. आजारपणानंतर तुमच्याही दंडावर वाकी राहत नाही आणि चार बायका बघतील म्हणून तुम्ही घरात बसताय. अक्का, मला तरी सांगायचं!

आणखी एक. माझी वाकी शिवप्रियाच्या दंडावर नेमकी बसली. नवरीला एका हातात वाकी शोभते का? दुसरी तुमच्याकडं आहे. पार्सलनं पाठवाल तर तशीच परत पाठवीन. दंडावर घालूनच या, एसटीत कोपरावर आली तर येऊ द्या. मी स्टँडवर दोन्ही हात वर करून उभी राहते. लोक पाया पडले तर पडू देत.